३९०००१३९०००१ : बडोद्याचा पिनकोड दोनदा लिहिला की काय हाती लागतं?

दांडियाबाजार_बडोदे (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आठवी ते दहावीच्या मराठी मुलांसाठी 'एका मोठ्या संख्येची कुंडली' असा भिंतीवरचा तक्ता करायचा आहे. संख्या बडोद्याचीच घ्यायची ठरली : ३९०००१ हा पिनकोड लागोपाठ दोनदा, म्हणजे ३९०००१३९०००१. वाचायची झाली तर ३९,००० कोटी १३ लाख ९० हजार १. पुढे तिला नुसतं 'ब' म्हणतो.

मुलांना ३५२३५२ सारख्या संख्यांची युक्ती ठाऊक आहे : तीन अंक दोनदा लिहिले की ७, ११ आणि १३ या तिन्हींनी भाग जातो. तीच युक्ती इथे लावली तर एकानेही जात नाही. तेव्हा :

१) अवयव हाताने, मुलांना पटेल अशा रीतीने कसे पाडायचे?
२) ३९०००१ मूळ आहे असं संगणक सांगतो. वर्गमूळ ६२४ च्या थोडं पुढे, तिथपर्यंत ११४ मूळ संख्या. त्या सगळ्यांनी भागून दाखवणं तक्त्यावर शक्य नाही. छोटी वाट आहे का?
३) विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, वर्गांची बेरीज यांपैकी काय मांडण्याजोगं आहे?
४) १/ब चा दशांश किती अंकांनी पुन्हा सुरू होतो?

उत्तरं पायऱ्यांसकट हवीत, मुलं 'का?' विचारतात.

---

लष्कर_ग्वाल्हेर

पहिले दोन प्रश्न घेतो.

तीन अंकी संख्या दोनदा लिहिणं म्हणजे तिला १००१ ने गुणणं, आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून ती युक्ती चालते. सहा अंक दोनदा लिहिले की गुणक १००१ नसून १०,००,००१ असतो. त्याचे अवयव अगदी वेगळे आहेत, ७-११-१३ चा तिथे संबंधच नाही. मुलांना हे आधी दाखवा, कारण 'दोनदा लिहिलं की १००१' असं पाठ करून बसलेली मुलं इथे हटकून अडकतात. (चार अंक दोनदा लिहिले तर गुणक १०००१ = ७३ × १३७, पाच अंकांना १००००१ = ११ × ९०९१. दर वेळी पाहुणे निराळे.)

१०,००,००१ कसा फोडायचा? तो १०^६ + १ आहे, म्हणजे १०० चा घन अधिक १. नववीचं सूत्र : क^३ + १ = (क + १)(क^२ − क + १). क = १०० घाला :

१०१ × (१०००० − १०० + १) = १०१ × ९९०१.

म्हणजे ब = १०१ × ९९०१ × ३९०००१. भागाकार एकही करावा लागला नाही.

आता ९९०१ मूळ का? समजा मूळ संख्या म ने ९९०१ ला भाग जातो. मग १०^६ + १ लाही जातो, म्हणजे म ने भागल्यावर १०^६ ची बाकी −१ आणि १०^१२ ची बाकी १. बाकी पहिल्यांदा १ येते तो घात १२ चा विभाजक हवा, पण ६ चा विभाजक नको. असे दोनच : ४ आणि १२. तो ४ असेल तर १०^२ ची बाकी −१ आणि १०^४ ची १, म्हणून १०^४ − १०^२ + १ ची बाकी १ + १ + १ = ३, म्हणजे म = ३. पण ९९०१ ची अंकबेरीज १९, ३ ने भाग जात नाही. उरला १२, आणि फर्माच्या छोट्या सिद्धांताप्रमाणे (म मूळ असेल आणि १० ला त्याने भाग जात नसेल तर १०^(म − १) ची बाकी १) १२ ने म − १ ला भाग जायला हवा. वर्गमूळ १०० च्या आत, तेव्हा उमेदवार फक्त पाच : १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. झालं, ९९०१ मूळ.

आता खरी मौज. बडोद्याचा पिनकोडही त्याच साच्यातला आहे :

३९०००१ = ३९०६२५ − ६२५ + १ = ५^८ − ५^४ + १.

९९०१ मध्ये १० आहे, इथे ५ आहे आणि घात दुप्पट. वरचाच युक्तिवाद पुन्हा चालतो. मूळ म ने भाग जात असेल तर ५^१२ ची बाकी −१, ५^२४ ची १. बाकी पहिल्यांदा १ देणारा घात २४ चा विभाजक, पण १२ चा नाही : ८ किंवा २४. ८ असेल तर परत म = ३ निघतो, आणि ३९०००१ ची अंकबेरीज १३, म्हणून तो बाद. तेव्हा २४ ने म − १ ला भाग जायलाच हवा. ६२४ च्या आत अशा मूळ संख्या अकराच. बाक्यांसकट देतो, तक्त्यावर जशाच्या तशा उतरवा :

७३ → ३५, ९७ → ६१, १९३ → १४१, २४१ → ६३, ३१३ → ३, ३३७ → ९२, ४०९ → २२४, ४३३ → ३०१, ४५७ → १८०, ५७७ → ५२६, ६०१ → ५५३.

एकही शून्य नाही. ११४ चं काम ११ वर आलं.

कुणी साच्याकडे न बघता ब ला सरळ मूळ संख्यांनी भागत सुटलं तर काय होतं तेही सांगा. १०१ ही २६ वी मूळ संख्या, ती लगेच सापडते. पुढची ९९०१ ही १२२१ वी, तिथे हात दुखतात. पण तिथवर पोचलात की उरलेला ३९०००१ वेगळा तपासावा लागत नाही : ९९०१ पेक्षा लहान मूळ अवयव त्यात उरलेलाच नाही आणि त्याचं वर्गमूळ ६२५ च्या आत आहे, म्हणून तो आपोआप मूळ ठरतो. पुष्कळ जण इथे थांबायचं सोडून पुढे भागत राहतात.

गुणाकार पडताळायला अंकबेरीज : १०१ → २, ९९०१ → १, ३९०००१ → ४, गुणाकार ८. ब ची अंकबेरीज २६ → ८. जुळलं.

---

राजवाडा_इंदूर

तिसऱ्या प्रश्नाचं.

तीन वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८ :

१, १०१, ९९०१, ३९०००१, १०००००१, ३९३९०१०१, ३८६१३९९९०१ आणि ब स्वतः.

आठांची बेरीज १०२ × ९९०२ × ३९०००२ = ३९३९०३५८०००८. ब वगळला तर बाकीच्या सातांची बेरीज ३९०२१९०००७ येते, ब च्या जेमतेम १ टक्का. परिपूर्ण संख्येच्या (जिच्यात ही बेरीज संख्येएवढीच येते) जवळपासही नाही.

ब शी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), ब पेक्षा लहान संख्या : १०० × ९९०० × ३९०००० = ३८६१००००००००. ३९,००० कोटींच्या वर थोड्या संख्यांपैकी बरोब्बर ३८,६१० कोटी. इतका गोल आकडा येतो कारण तिन्ही मूळ अवयवांतून १ वजा केला की शेवटी शून्यं उरतात. तक्त्यावर हा मोठ्या अक्षरात घ्या, मुलांना शेवटच्या शून्यांचं कारण शोधू द्या.

वर्गांची बेरीज मात्र सगळ्यात सुंदर. तिन्ही अवयवांना ४ ने भागलं तर बाकी १, म्हणून प्रत्येक दोन वर्गांची बेरीज आहे, तीही शोधायला न लागता :

१०१ = १०^२ + १^२
९९०१ = ९९^२ + १०^२
३९०००१ = ६२४^२ + २५^२

शेवटचे दोन अंदाजाने काढलेले नाहीत. क^२ − क + १ = (क − १)^२ + क. क स्वतः वर्ग असला की काम झालं, आणि १०० व ६२५ दोन्ही वर्गच आहेत.

मग ब्रह्मगुप्ताचं सूत्र (ब्राह्मस्फुटसिद्धान्त, इ. स. ६२८) : दोन वर्गांच्या बेरजा गुणल्या की पुन्हा दोन वर्गांची बेरीज, आणि तीही दोन रीतींनी :
(प^२ + फ^२)(च^२ + छ^२) = (पच + फछ)^२ + (पछ − फच)^२ = (पच − फछ)^२ + (पछ + फच)^२.

आधी १०१ × ९९०१ : १०००००१ = १०००^२ + १^२ = ९८०^२ + १९९^२. मग दोन्हींना ६२४^२ + २५^२ ने गुणा. ब च्या चार मांडण्या मिळतात, पाचवी नाही :

६२४०२५^२ + २४३७६^२
६२३९७५^२ + २५६२४^२
६१६४९५^२ + ९९६७६^२
६०६५४५^२ + १४८६७६^२

चारही हाताने वर्ग करून जुळवल्या आहेत. पहिली मुलांकडून करून घ्या : ३८९४०७२००६२५ + ५९४१८९३७६.

इथे एक सापळा आहे, तो इंदूरच्या पिनकोडावर छान दिसतो. ४५२००१ = ३ × ११ × १३६९७, म्हणून ४५२००१४५२००१ = ३ × ११ × १०१ × ९९०१ × १३६९७. या संख्येलाही ४ ने भागून बाकी १ च येते. तरी ती दोन वर्गांची बेरीज नाही, होऊच शकत नाही. कारण ३ आणि ११ यांची ४ ने बाकी ३, आणि दोघंही विषम वेळा (एकेकदा) आलेत. दोन 'बाकी ३' वाल्यांचा गुणाकार 'बाकी १' दाखवतो आणि वरवर बघणारा फसतो. ग्वाल्हेरचंही तेच : ४७४००१ = ११ × ४१ × १०५१, त्यात ११ आणि १०५१ दोघंही 'बाकी ३' वाले. तेव्हा संपूर्ण संख्येची बाकी बघून निर्णय देऊ नका, प्रत्येक मूळ अवयवाची बघा. इंदूरच्या संख्येतून ३३ काढून टाकले की उरलेली १३६९७०१३६९७ मात्र बसते : ८९०७६^२ + ७५९११^२.

वर्गांची वजाबाकी हवी तर सगळ्यात जवळची जोडी ३९०००१ आणि १०००००१. सरासरी ६९५००१, निम्मा फरक ३०५०००, म्हणून ब = ६९५००१^२ − ३०५०००^२. फर्माच्या रीतीने (वर्गमूळाच्या लगेच वरून सुरू करून एकेक वाढवत) इथे पोचायला ६२४५०१ पासून ७०,५०१ पायऱ्या लागतात. ती रीत दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तेव्हाच कामाची, इथे नाही.

---

दांडियाबाजार_बडोदे

तक्त्याचा अर्धा भाग तर इथेच तयार झाला. चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं अजून : १/९९०१ = ०.०००१०० ९९९८९९ … यात आवर्तनाचे (पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकगटाचे) दोन अर्धे मिळवले की ९९९९९९ येतात. १/ब मध्येही असंच होईल का? आणि हे स्प्रेडशीटमध्ये तपासता येतं का? १० चे मोठे घात घेऊन ब ने बाकी काढली की आकडे भलतेच येतात.

---

रावपुरा_बडोदे

आवर्तनाची लांबी म्हणजे १० चा असा सर्वात लहान घात की ज्याची बाकी १. ब साठी तिन्ही अवयवांच्या लांब्या काढून लसावि घ्यायचा. १०१ ची ४, ९९०१ ची १२ (वर सिद्ध झालीच). प्रश्न ३९०००१ चा.

ती लांबी ३९०००० ची विभाजक असते, आणि ३९०००० = २^४ × ३ × ५^४ × १३. विभाजक पुष्कळ, पण सगळे तपासायचे नसतात. आधी १०^१९५००० ची बाकी काढा : १ येते. म्हणजे लांबी १९५००० किंवा तिचा एखादा विभाजक. १९५००० चे मूळ अवयव २, ३, ५, १३. प्रत्येकाने एकदा भागून बाकी बघायची :

१०^९७५०० → ३९०००० (म्हणजे −१)
१०^६५००० → ६२४
१०^३९००० → ५६६९०
१०^१५००० → २०५६३४

एकही १ नाही, म्हणून लांबी पूर्ण १,९५,०००. ६२४ दिसला त्यात नवल नाही, तो ५^८ ची बाकी आहे.

लसावि (४, १२, १९५०००) = १९५०००, कारण १२ ने १९५००० ला भाग जातोच. तेव्हा १/ब चं आवर्तन बरोबर १,९५,००० अंकांचं.

अर्ध्यांची बेरीज नऊ-नऊ येण्यासाठी अर्ध्या घाताची बाकी −१ हवी. हर मूळ असेल आणि लांबी सम असेल तर ती येतेच, म्हणून १/३९०००१ चे ९७,५०० अंकांचे दोन अर्धे मिळवले की सगळे ९. पण १/ब मध्ये हे होत नाही. ९७५०० ला १२ ने भाग जातो, म्हणून १०१ आणि ९९०१ यांच्या हिशेबात १०^९७५०० ची बाकी १ असते, फक्त ३९०००१ च्या हिशेबात −१. तिघांचं एकमत नाही, म्हणून ब ने बाकी −१ येत नाही. तक्त्यावर 'प्रत्येक सम आवर्तनाचे अर्धे ९ देतात' असं सरसकट विधान लिहू नका.

स्प्रेडशीटचं. तिथे १५ अंकांपुढचं अचूक राहत नाही. ब १२ अंकी आहे, त्याच्याएवढ्या संख्येचा वर्ग २४ अंकी होतो, शेवटचे अंक गळतात आणि बाकी नेमकी त्याच अंकांवर ठरते. म्हणून भलते आकडे. पण त्यासाठी स्प्रेडशीट टाकून द्यायला नको :

– घात घ्यायचे ते ब ने बाकी काढून नव्हे, तर १०१, ९९०१ आणि ३९०००१ ने वेगवेगळे. ३९०००१ च्या खालच्या संख्येचा वर्ग १२ अंकांतच राहतो. वर्ग करा, बाकी काढा, पुन्हा वर्ग करा. सरळ १०^९७५०० मांडू नका, तो खाना त्रुटी दाखवेल.

– दशांशाचे अंक काढायला साधा भागाकार : बाकी × १०, त्यातून ब किती वेळा जातो तो पुढचा अंक, उरलेली नवी बाकी. बाकी × १० जास्तीत जास्त १३ अंकी, म्हणजे १५ च्या आत, हिशेब तंतोतंत येतो. १,९५,००० ओळी लागतील, त्या एका पानात मावतात. बाकी पुन्हा १ आली की आवर्तन संपलं.

– खान्यात ३.९०००१ आणि पुढे घाताची खूण दिसली तर घाबरू नका, नुसतं दाखवणं तसं आहे. खान्याची मांडणी 'संख्या, दशांश शून्य' करा.

पायथन असेल तर सोपं : तिथे पूर्णांक कितीही लांब चालतात. 'पॉव' (pow) ला तीन किमती द्या (पाया, घात, भाजक), बाकी लगेच मिळते. भागताना मात्र दोन तिरप्या रेघा (//) वापरा. एकच रेघ दिली तर उत्तर दशांशात जातं आणि तिथे पुन्हा अंक गळतात.

आवर्तन छापायचं असेल तर एका पानावर ६० अंकांच्या ५० ओळी धरून ६५ पानं. सुरुवात दशांश चिन्हानंतर ११ शून्यांनी, मग २५६४०९३… आणि आवर्तनाचे शेवटचे सहा अंक ३८९९९९ च यायला हवेत. कारण आवर्तन × ब = ९९९…९, आणि ३८९९९९ × ३९०००१ = ३९००००^२ − १, ज्याच्या शेवटी सहा ९ येतात. तुमच्या यादीच्या शेवटी ३८९९९९ नसेल तर कुठेतरी एक ओळ सुटली आहे.

---

लष्कर_ग्वाल्हेर

आणखी एक गोष्ट तक्त्यावर जागा असेल तर. ३९०००१ पाच पायाच्या पद्धतीत लिहा : ४४४४०००१. चार चौके, तीन शून्यं, एक. दहा पायात ९९०१ जसा ९९, मग ०१, तसाच हा ४४४४, मग ०००१. पाच पायात १/३९०००१ चं आवर्तन फक्त २४ अंकांचं, आणि त्या पायात २४ लांबीची ही एकमेव मूळ संख्या. दशमान पद्धतीत १२ लांबीची एकमेव मूळ संख्या ९९०१. दहा पायात ३९०००१ चा खरा जोडीदार म्हणजे १०^८ − १०^४ + १ = ९९९९०००१, तोही मूळ, त्याचंही आवर्तन २४ चं. मुलांना त्याचा मूळ अवयव म कसा असायला हवा ते (२४ ने म − १ ला भाग) सांगून वर्गमूळापर्यंतचे, म्हणजे १०,००० च्या आतले, उमेदवार शोधायला द्या. २५ पासून २४-२४ ने पुढे जायचं आणि संयुक्त संख्या गाळायच्या.

---

राजवाडा_इंदूर

लांबीबद्दल एक तुलना. इंदूरच्या संख्येला मूळ अवयव पाच, बडोद्याच्या ब ला तीनच, म्हणून इंदूरचं आवर्तन लांब असेल असं वाटतं. तसं नाही. १३६९७ ची लांबी पूर्ण १३६९६ आहे (१३६९६ = २^७ × १०७), बाकीच्यांच्या १, २, ४, १२. लसावि ४१,०८८. बडोद्याच्या १,९५,००० च्या पाव भागाहूनही कमी. अवयव किती यावर लांबी ठरत नाही, प्रत्येक अवयवात १० चा घात किती उशिरा १ वर येतो आणि त्या लांब्यांचा लसावि किती यावर ठरते.